कारखान्याच्या रसायनांनी गावच्या विहिरींचं पाणी खराब झालं, तर गावकऱ्यांना कायद्याने भरपाई मागता येते का?

हो, मागता येते, आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगाचा कायदा म्हणजे 2010 चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे खटले ऐकणारं खास न्यायालय) कायदा. त्याचं कलम 15 नीट वाचा. त्यात बाधितांना भरपाई, नुकसान झालेली मालमत्ता पूर्ववत करणं आणि पर्यावरण पूर्ववत करणं असं तिन्ही मागता येतं. या न्यायाधिकरणाचं महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. 1974 च्या जल कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना बंद करू शकतं, वीज-पाणी तोडू शकतं, पण तुमच्या घरात त्यातून पैसा येत नाही. म्हणून तक्रार दोन्हीकडे करा.

राजस्थानातल्या बिछडी गावात एच-ॲसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांमुळे विहिरींचं पाणी काळपट झालं होतं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांनीच द्यायचा असं ठरवलं. पुढे 2010 च्या कायद्यात हेच तत्त्व कलम 20 मध्ये आलं.

अर्ज करण्याआधी:
- पाण्याचा नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासा, अहवालाची प्रत जपून ठेवा.
- ग्रामसभेचा ठराव घ्या.
- मुदत पाळा. भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून 5 वर्षांत करावा लागतो. यावरच अनेक गावं अडकू शकतात, त्यामुळे थांबू नका.

मात्र पाणी कारखान्यामुळे नाही, तर जमिनीतल्या खडकातूनच येणाऱ्या फ्लोराइडसारख्या क्षारामुळे खराब होत असेल, तर भरपाई मागायला प्रदूषक कोणी नसतो. तिथे पर्यायी पाणीयोजनेची मागणी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडेच करावी लागते.