टेबलाखालची ट्रेडमिल

प्रश्न : आम्ही बेळगावला टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर राहतो. घरूनच संगणकावर काम करते आणि पावसाळ्यात फिरणे बंद पडते. टेबलाखालची छोटी ट्रेडमिल घ्यावी का?

उत्तर : अवश्य घ्यावी, मात्र काम करताना वेग ताशी 2 ते 3 किलोमीटरच ठेवावा. टेबल कोपराच्या उंचीला यायला हवे, आणि ही उंची पट्ट्यावर उभे राहूनच मोजावी, कारण यंत्रामुळे आपण थोडे वर जातो. बसायच्या टेबलावर वाकून चालल्यास मान-पाठ धरते, आणि हीच चूक मला सर्वांत गंभीर वाटते. यंत्राखाली जाड रबरी चटई घातल्यास खालच्या बिऱ्हाडाला धडधड कमी जाणवेल. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे; ही संथ चाल त्यात न धरता, उघडीप मिळताच तुमच्या टिळकवाडीतल्याच व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत भरभर फिरून यावे.