पाँटिफ्रॅक्टचा किल्ला कोणी आणि का पाडला?

इंग्लंडच्या यॉर्कशरमधील हा किल्ला शत्रूने नव्हे, तर गावकऱ्यांच्याच विनंतीवरून पाडला गेला. इल्बर्ट द लेसी या नॉर्मन सरदाराने 1070 च्या सुमारास तो उभारला. पदच्युत राजा दुसरा रिचर्ड 1400 मध्ये येथेच कैदेत मरण पावला. परंतु गावाच्या दृष्टीने खरा घात झाला तो राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात. 1644 ते 1649 या काळात राजपक्षाच्या या ठाण्याला तीनदा वेढा पडला, तोफांच्या माऱ्यात पायथ्याचे ऑल सेंट्स चर्च उद्ध्वस्त झाले आणि व्यापार बसला. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावरही शिबंदीने त्याच्या मुलाच्या नावाने नाणी पाडली, ही जिद्द म्हणावी की हटवाद, हा प्रश्नच आहे! मार्च 1649 मध्ये किल्ला पडला. पुन्हा वेढा नको म्हणून गावाने पार्लमेंटकडे अर्ज केला आणि एप्रिलमध्ये पाडकाम सुरू झाले. खडकात खोदलेले दारूगोळ्याचे तळघर मात्र शाबूत राहिले. त्याच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेली नावे आजही वाचता येतात. पुढे किल्ल्याच्या आवारात चक्क ज्येष्ठमधाची लागवड झाली, आणि त्यापासून बनणाऱ्या काळ्या, चपट्या वड्यांमुळेच गावाचे नाव आज अधिक ओळखीचे आहे.