बोअरच्या पाण्याने बादल्या लाल होतात, सडक्या अंड्यासारखा वासही येतो. कोणता फिल्टर घ्यावा?

फिल्टर एवढ्यात घेऊ नका. आज रात्री पंपाचं ताजं पाणी स्टीलच्या पातेल्यात भरा आणि सकाळपर्यंत उघडं ठेवा. भरताना नितळ आणि सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला, तर लोह पाण्यात विरघळलेलं आहे. मीठ विरघळलेलं पाणी कितीही गाळा, मीठ मागे राहत नाही. तसंच हे लोह आधी हवा लागून गंजल्याशिवाय गाळणीत अडकत नाही.

आमचं घर रत्नागिरीकडे, जांभ्यावर. विहीर मे महिन्यात तळ गाठायची म्हणून बोअर मारली, आणि आठवडाभरात चहा शाईसारखा काळा व्हायला लागला. (चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की खरोखरच शाई होते.) मीही घाईने आरओ बसवला. काही महिन्यांत त्याचा मेम्ब्रेन लाल चिखलाने बुजला. दुकानदार म्हणाला, "तुमचं पाणीच खराब आहे." अहो, म्हणूनच तर आलो होतो!

शेवटी कामाला आला तो भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप. पाणी त्यातून शॉवरसारखं दोन-तीन फुटांवरून टाकीत पडतं आणि रात्रभर निवळतं. नळ तळापासून वीतभर वर, गाळ सोडायला खाली वेगळा कॉक. तिथून पाणी वाळूच्या ड्रममधून घरात. वास बहुतेक पडतानाच उडून जातो, म्हणून टाकी मोकळ्यावर ठेवा, वर मच्छरजाळी बांधा.

यात एक मेख आहे. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) ७ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर लोह फार सावकाश गंजतं, आणि जांभ्यातलं पाणी बरेचदा तसंच असतं. आम्ही सामू वाढवायला वाटेत संगमरवराच्या खड्यांचा थर घातला, तेव्हा कुठे फरक पडला. म्हणून आधी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेतून लोह, मँगनीज, सामू आणि जिवाणू तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, पण डाग ०.३ पासूनच पडायला लागतात. वासाची नोंद मात्र बोअरवरच करा. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वासाचा वायू उडालेला असतो.

वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर बोअरला दोष देऊ नका, गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा. आणि फ्लशच्या टाकीत लाल, बुळबुळीत साय दिसली तर ते लोहजिवाणू. त्यांना बोअरमध्येच ब्लीचिंग पावडरचा जबर डोस लागतो, तो माहीतगार माणसाकडून द्या आणि क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका.

कपड्यांवरच्या लाल डागांना मात्र ब्लीच लावू नका, ते आणखी पक्के होतात. लिंबू-मीठ चोळून उन्हात टाका.