दातांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी चित्रपुस्तक वाचून दाखवलं तर मुलाची भीती जाते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, दाढेला कीड लागलीय आणि पुढच्या आठवड्यात तिला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. कुणीतरी आधी त्याबद्दलचं चित्रपुस्तक वाचून दाखवायला सुचवलं, पण त्याने भीती उलट वाढेल का, ही तुमची शंका आहे.

वाचून दाखवा. फरक नक्की पडतो. फक्त भीती पळून जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. पुस्तकातून मुलाला कळतो तो क्रम. आधी बाहेर बसायचं, मग नाव पुकारतील, मग ती मोठी खुर्ची, मग डोक्यावरचा दिवा, मग आ करायचा, मग चूळ भरायची, मग घरी. आपल्याला हे सगळं पाठ असतं म्हणून जाणवत नाही, पण साडेतीन वर्षांच्या पोरीला त्या खुर्चीत बसल्यावर हे संपणार आहे की नाही हेच माहीत नसतं. पुस्तक वाचलेल्या मुलाला माहीत असतं की अजून दोन पानं आहेत आणि शेवटच्या पानावर घर आहे.

मी मुलांच्या वाचनालयात गेली बारा वर्षं गोष्टी वाचून दाखवते. तरी या पुस्तकांबद्दलची सगळ्यात मोठी चूक माझ्या घरातच झाली. मुलगा चार वर्षांचा होता, लस टोचून घ्यायची होती. मी एक पुस्तक आणलं. त्यात अस्वलाचं पिल्लू इंजेक्शन घेतं. सुई टोचतानाच्या चित्रात पिल्लू हसतंय आणि खाली ओळ होती, 'मुळीच दुखलं नाही!' तीन रात्री मी ती ओळ अगदी रंगवून वाचली. दवाखान्यात पठ्ठ्याने स्वतःच बाही वर केली. सुई टोचली आणि तो रडला. तेवढं मी धरूनच चालले होते. घरी आल्यावर मात्र त्याने पुस्तक काढलं, बरोबर ते पान उघडलं, अस्वलाच्या तोंडावर बोट दाबून म्हणाला, "याला दुखलंय. हा खोटं हसतोय." आणि पुस्तक पलंगाखाली सरकवून दिलं. पुढे कितीतरी दिवस मी "काही होत नाही रे" म्हटलं की तो नुसता माझ्याकडे बघत राहायचा. ती ओळ छापली होती दुसऱ्या कुणी, पण त्याने ती माझ्या आवाजात ऐकली होती.

तेव्हापासून असं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी दुखण्याचं पान शोधते. ते नसेल, किंवा तिथे सगळे हसत असतील, तर पुस्तक परत जागेवर. चांगल्या पुस्तकात साधं लिहिलेलं असतं: टोचतं, थोडा वेळ दुखतं, मग थांबतं. मुलाला हे पेलतं. न सांगितलेलं दुखणं पेलत नाही. दातांच्या पुस्तकात मशीनचा आवाज आलाय का तेही बघा. माझ्या अनुभवात पोरं दुखण्याआधी त्या आवाजानेच दचकतात.

चित्रंही नीट पाहून घ्या. २००८ मध्ये पॅट्रिशिया गनिया, मेगन ब्लूम पिकार्ड आणि जूडी डिलोश या अभ्यासकांनी १५ आणि १८ महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुस्तकात पाहिलेल्या वस्तूचं नाव मुलं खऱ्या वस्तूला लावतात का, हे त्यांनी तपासलं. फोटो किंवा हुबेहूब चित्र असेल तर ते जास्त सहज जमलं, व्यंगचित्रासारखं चित्र असेल तर कमी. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा मोठी आहे, तरीही तोंडात घालायचा छोटा आरसा पुस्तकात आरशासारखाच दिसावा, हा माझा आग्रह आहे. अमेरिकेत टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या फ्रेड रॉजर्स यांनी १९८० च्या दशकात डॉक्टर, हॉस्पिटल, नवं बाळ अशा पहिल्या अनुभवांवर पुस्तकं केली, ती खऱ्या मुलांच्या फोटोंची होती.

हातांनी काढलेली चित्रं वाईट असतात असं मात्र नाही. ब्रिटनच्या अस्बोर्न प्रकाशनाची याच विषयांवरची पुस्तकं आहेत, त्यांत चित्रकार स्टीफन कार्टराइट यांनी एक छोटं पिवळं बदक लपवलेलं असतं. ते बदक फार कामाचं आहे. घाबरलेलं मूल नकोशा पानावरून पळायला बघतं, पण बदक शोधायचं म्हटलं की त्याच पानावर रेंगाळतं, आणि शोधता शोधता खुर्ची, दिवा, नळ्या सगळं नजरेखालून जातं. तुमच्या पुस्तकात बदक नसेल तर दुसरं काहीतरी शोधायला लावा. दर पानावर डॉक्टरांचे बूट कुठल्या रंगाचे आहेत, एवढंही पुरतं.

वाचनालयात आजी-आजोबा कधीकधी विचारतात, "अहो, यात गोष्ट कुठाय? राजा नाही, राक्षस नाही." परीकथा मलाही प्रिय आहेत आणि त्या वाचायलाच हव्यात. पण ल्युसी स्प्राग मिचेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९२१ मध्ये न्यूयॉर्कमधून गोष्टींचा एक संग्रह काढला, तो याच विचाराने, की अगदी लहान मुलांना आधी त्यांच्या आजूबाजूचं, रोज दिसणारं-ऐकू येणारं जग गोष्टीत भेटलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी मुलांचं बोलणं कान देऊन ऐकलं. मला ते शंभर टक्के पटतं. तीन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा केस कापून घेणं हीच राक्षसाची गोष्ट असते.

आता वाचायचं कसं. भेटीच्या तीन-चार दिवस आधी सुरुवात करा, दिवसाउजेडी, मांडीवर घेऊन. महिनाभर आधी काढलंत तर महिनाभर तेच डोक्यात घोळत राहील. एका दमात वाचून संपवू नका. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं होतं की पालकांनी नुसतं वाचण्याऐवजी मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात भर घालत गेले, तर दोन-अडीच वर्षांची मुलंही चार आठवड्यांत बोलण्यात पुढे जातात. "हा घाबरलाय का?" असं विचारलंत तर हो किंवा नाही मिळेल. "याला आता काय वाटत असेल?" असं विचारा आणि गप्प बसा. ती जे बोलेल ते बहुतेक स्वतःबद्दलच असेल.

मनासारखं पुस्तक मिळालंच नाही तर घरी करा. दवाखान्याला विचारून दार, खुर्ची, दिवा यांचे फोटो काढा, आठ-दहा कागदांवर चिकटवा, स्टेपल करा. वाक्यं काय होतं ते सांगणारी हवीत, हुकूम सोडणारी नकोत. 'डॉक्टर दिवा लावतात' चालेल, 'शहाण्यासारखं बसायचं' नको.

आणि भेट झाली की पुस्तक लगेच परत करू नका. आमच्याकडे एक मुलगी दातांचं पुस्तक परत द्यायला आली आणि टेबलाशी उभी राहून मलाच पान पान करून सांगायला लागली. खुर्चीच्या पानावर थांबली. चित्रात आई शेजारी उभी होती. म्हणाली, "माझी आई इथे नव्हती. बाहेर होती." दुखलं, आवाज आला, यातलं काहीच तिने सांगितलं नाही, एवढं एकच सांगितलं. तिची आई मागेच उभी होती, तिलाही ते तेव्हाच कळलं.

म्हणून आजच दवाखान्यात फोन करून विचारा की तुम्हाला आत तिच्याजवळ बसू देतील का. जे उत्तर मिळेल ते त्या पानावर बोट ठेवून तिला आधीच सांगा. आत येणार असाल तर कुठे बसणार ते दाखवा. येऊ देणार नसतील तर पहिल्या पानावरच्या बाकावर बोट ठेवा आणि सांगा, "मी इथे असणार."