खोडलेली ओळ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. नव्या शाळेचे मोठे पटांगण, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, सकाळची एसटी चुकली की बुडणारा पहिला तास, हे सारे तू फार नेटके लिहिले आहेस. पण तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ लिहून तू ती पेनाने इतकी गिरवून खोडली आहेस की कागद तिथे विरला आहे. पान उलटे करून उजेडात धरल्यावर ती मला वाचता आली: ‘बाई, मला वर्गात समजत नाही आणि विचारायची लाज वाटते.’ तू खोडलेले मी वाचले, त्याबद्दल रागावू नकोस. बाकीच्या पत्राला उत्तर पुन्हा कधीतरी देईन. आज मी या ओळीलाच लिहिते आहे.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या वर्गात तुम्ही अकरा जण होतात आणि उत्तर सांगायला पहिला हात तुझा असायचा. आता आठवीत तालुक्याच्या शाळेत साठ मुलांच्या वर्गात बसल्यावर आणि त्यातही गणित-विज्ञान सेमीत, म्हणजे इंग्रजीतून, सुरू झाल्यावर तुला वाटू लागले आहे की आपण हुशार नव्हतोच, गावात कुणी वरचढ नव्हते म्हणून तसे वाटत होते. तू लिहिले आहेस की ‘एचसीएफ’ची गणिते फळ्यावर उतरवून घेता येतात, पण ते काय आहे तेच कळत नाही. मुली, ते तुला कळते. पाचवीत असताना शाळेच्या पडवीत आपण दोन दोर अंथरले होते, एक १२ फुटांचा आणि एक १८ फुटांचा, आणि दोन्ही दोरांचे सारख्या लांबीचे, शक्य तितके मोठे आणि एकही टोक वाया न जाणारे तुकडे करायचे, असे मी सांगितले होते. बाकीची मुले ३ फुटांवर थांबली तेव्हा तू गुडघ्यांवर रांगत वीतभर काठीने पुन्हा मोजलेस आणि ‘सहा’ म्हणालीस. तो मसावि होता, महत्तम सामाईक विभाजक. त्या तीन शब्दांत गणिताची सारी कृती सांगितलेली आहे: दोघांनाही भागणारा, सामाईक, आणि त्यांतला सर्वांत मोठा. ‘एचसीएफ’ ही त्याच गोष्टीची इंग्रजी आद्याक्षरे आहेत. तुझे गणित हरवलेले नाही, त्याच्या नावाची पाटी तेवढी बदलली आहे. म्हणून वहीत प्रत्येक नव्या इंग्रजी संज्ञेसमोर तिचा मराठी शब्द लिही, आणि त्याखाली तुझ्या डोळ्यांपुढे येईल असे एक उदाहरण लिही. ‘फोटोसिंथेसिस’समोर प्रकाशसंश्लेषण लिहिलेस की प्रकाश त्या शब्दात दिसतो. इंग्रजी संज्ञा टाळू नकोस, पुढे त्यांची गरज पडणारच आहे. पण त्या पाठ होईपर्यंत विचार करायचा थांबू नकोस, तो मराठीत चालू दे.

वर्गात विचारण्याची लाज हा मात्र याहून अवघड भाग आहे. तू एक उच्चार चुकलीस आणि मागच्या बाकावरून हसू आले, तेव्हापासून तू हात वर केलेला नाहीस. तसे हसणे चूक आहे आणि ते थांबवणे हे वर्गातल्या मोठ्या माणसाचे काम आहे. त्याचे ओझे तू घेऊ नकोस. पण उभे राहून विचारणे आज जमत नसेल तर तास संपल्यावर वही घेऊन सरांपाशी जा आणि ‘समजले नाही’ एवढेच न म्हणता बोट ठेवून दाखव: ‘या ओळीपर्यंत समजले, इथून पुढे ही ओळ कशी आली ते कळले नाही.’ बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवावेसे मला एकदाही वाटले नाही, कारण तो प्रश्न ऐकताच नेमके काय शिकवायचे राहिले ते शिक्षकालाच कळते.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट तुला सांगते. तू शाळेत येण्याच्या पुष्कळ आधीची आहे. फेब्रुवारी महिना होता, आणि आम्ही पटांगणात एक काठी सरळ रोवून दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवत होतो. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत लहान होते, हे मुलांनी स्वतः पाहावे असा माझा हेतू होता. बारा वाजले तसे मी सर्वांना वर्गात बोलावले. एक मुलगा मात्र तिथेच उकिडवा बसून राहिला आणि म्हणाला, ‘बाई, अजून लहान होतेय.’ मला पुढचा तास घ्यायचा होता. तरीही तो डबा खायच्या सुटीत पुन्हा बाहेर गेला, आणि त्याने वहीत लिहून आणले की सर्वांत लहान सावली पाऊण वाजता पडली. मी त्याला सांगितले की काठी तिरपी झाली असेल, बाराच लिही. त्याने खोडरबराने ‘पाऊण’ पुसले आणि ‘१२’ लिहिले. मी त्यावर बरोबरची खूण केली.

त्याचे निरीक्षण बरोबर होते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे, आणि तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. आपला सातारा जिल्हा साधारण ७४ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो घड्याळापेक्षा ३४ मिनिटे उशिरा. शिवाय पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा नेमकी वर्तुळाकार नाही, म्हणून वर्षभर सूर्याची वेळ घड्याळाच्या मागेपुढे होत राहते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती सुमारे १४ मिनिटे मागे असते. ३४ आणि १४ मिळून ४८. मुलाचा पाऊण किती जवळ होता, पाहा. शिवाय ‘सूर्य डोक्यावर’ हेही रोज खरे नसते. आपल्या भागात तो नेमका डोक्यावर वर्षातून दोनच वेळा येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात.

हे सारे मला काही वर्षांनी एका प्रशिक्षणात समजले, तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. मी त्याला चुकीची वेळ शिकवली याचे मला वाईट वाटते, पण त्याहून जास्त वाईट वाटते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले पुसायला मी त्याला लावले याचे. तुझी खोडलेली ओळ पाहून मला तेच खोडरबर आठवले. ‘समजत नाही’ हेसुद्धा एक निरीक्षणच आहे, आणि ते त्या मुलाच्या पाऊण वाजताइतकेच खरे असू शकते.

तुझ्याच वयाच्या एका मुलीचे उदाहरण देते. मुक्ता साळवे ही पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मांग समाजातली मुलगी. १८५५ साली, साधारण चौदा वर्षांची असताना, तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असे तिने त्यात सरळ विचारले. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, हेही लिहिले. लोक जे सांगत होते आणि तिला जे दिसत होते त्यांचा मेळ बसत नव्हता, आणि तो बसत नाही हे तिने न खोडता कागदावर ठेवले. तिने लिहिलेले आज जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनंतरही वाचले जाते. ती शाळेत काय शिकली, असे कुणी मला विचारले तर मी त्या प्रश्नांकडे बोट दाखवीन.

म्हणून तुला एक काम सांगते. एक दोनशे पानी वही घे आणि ती कुणालाही तपासायला देऊ नकोस. रोज रात्री तीत त्या दिवशी न समजलेली एक गोष्ट लिही, तारीख घालून, पूर्ण वाक्यात. ‘भूमिती अवघड आहे’ असे लिहू नकोस; ‘त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०च का, कमीजास्त का नाही’ असे लिही. कित्येकदा वाक्य पूर्ण करता करताच उत्तर सापडते. उरलेल्या प्रश्नांपैकी काही सरांकडे ने, काही धाकट्या भावाला समजावून सांगायला बस, कारण दुसऱ्याला सांगताना आपण कुठे अडतो ते लगेच उघडे पडते. काही प्रश्न तसेच राहतील. ते राहू देत, पण त्यांची पाने फाडू नकोस.

पाठांतराविषयी तू तक्रार केली आहेस, तिथे मी तुझ्या बाजूने नाही. तीसपर्यंतचे पाढे आणि कविता पाठ असल्याच पाहिजेत; पाढे तोंडावर असले की डोके गणितातल्या खऱ्या अडचणीसाठी मोकळे राहते. माझा राग आहे तो अपेक्षित प्रश्नसंचातली तयार उत्तरे अर्थ न लावता घोकण्यावर. परीक्षेपुरती ती चालतील, तूही त्यांतून गुण मिळवशील आणि गुणांचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण ती उत्तरे त्या खासगी वहीत उतरवू नकोस.

येत्या रविवारी आकाश निरभ्र असेल तर अंगणात एक काठी रोव. ओळंबा लावून ती सरळ आहे याची खात्री कर, आणि साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी मोजून लिही. आकडे पेनाने लिही, आणि एखादा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मार, म्हणजे खालचा वाचता येईल. तो कागद जसा असेल तसा मला पाठव. मीही इथे माझ्या गच्चीत त्याच वेळी मोजणार आहे.

तुझ्या बाई