नेरूळच्या फुटपाथवर उगवलेलं हे पांढरं-पिवळं फूल माक्याचं आहे का?

नाही, हा माका नाही, ही एकदांडी. काही जण हिला दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात. सोसायटीच्या गेटबाहेर पेव्हर ब्लॉकच्या फटीत उगवलंय, पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं, आणि सासूबाई म्हणतात केसांच्या तेलात घालू, असं तुम्ही लिहिलंय. फोटोत दांडा दिसतोय, त्यावरूनच ओळखू येते.

एकदांडीचा दांडा वीतभर किंवा त्याहून लांब, केसाळ, एकही पान नसलेला, आणि टोकाला एकच फूल. बाकी झाड जमिनीलगत पसरतं, पेरांना माती लागली की तिथे मुळं फुटतात. आता एक पाकळी उपटून उजेडात धरा. पाकळ्या बहुतेक पाचच असतात, दुधी रंगाच्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते असतात. बुडाशी दोन फाटे फुटलेला बारीक धागा दिसेल, तो स्त्रीकेसराचा. म्हणजे आपण जिला पाकळी म्हणतो ते एक अख्खं फूलच आहे, आणि मधला पिवळा भाग म्हणजे बारक्या फुलांचा गुच्छ. भिंग नसेल तर मोबाइलवर झूम करा, छान दिसतं. पानं समोरासमोर, करवती कडांची, हाताला खरखरीत. फूल सुकलं की बियांवर केसांचा झुबका येतो आणि त्या वाऱ्यावर उडतात. मूळची ही अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आता आपल्याकडे गच्चीवरच्या कुंडीतसुद्धा न लावता येते.

माक्याचं फूल लहान, आखूड देठाचं. त्याच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक आणि खूप, मधला भागही पांढरटच. पान लांबट, अरुंद. बीला झुबका नसतो. पान चुरगळून थोडं थांबलात तर रस काळपट पडतो आणि बोटंही काळी होतात. सासूबाईंना हे करून दाखवा, नुसतं सांगून पटायचं नाही.

एकदांडीचा पाला खरचटल्यावर चेचून लावायची जुनी रीत आहे. पण फुटपाथवरचा, गाड्यांचा धूर खाल्लेला आणि कुत्र्यांच्या वाटेतला पाला मी तरी जखमेला लावणार नाही. उपटू मात्र नका, छोटी फुलपाखरं मधासाठी तिच्यावर येतात.

तेलासाठी खरा माका ओलसर जागी मिळतो, पण शहरात ओलसर जागा म्हणजे बहुतेक नाल्याचा काठ. त्यापेक्षा नर्सरीतून रोप आणा, कुंडीतली माती कायम ओली ठेवा.