वाचक विचारतात: रेडिओहेडचा आवाज एवढा बदलला कसा?

मागच्या अंकात मी रेडिओहेड ह्या इंग्रज रॉक बँडच्या अल्बम्सवर दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्यावर देवगडपासून दापोलीपर्यंत पत्रं आली. खरंच बरं वाटलं, कारण आपल्या किनाऱ्यावर हे ऐकणारी माणसं आहेत हे मला माहीत होतं पण एवढी आहेत हे नव्हतं. सगळी छापायला जागा नाही म्हणून निवडक घेतोय.

"मी एस.वाय.ला आहे. 'क्रीप' खूप आवडलं म्हणून मित्राने 'किड ए' ऐकायला सांगितला. तीन गाण्यांनंतर बंद केला. गिटार गेली कुठे? हा तोच बँड आहे ना?" (वाचक, देवगड)

तोच बँड, आणि माणसंही तीच. गायक टॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड भाऊ, एड ओब्रायन आणि ड्रमर फिल सेल्वे. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत ही पोरं 1985 साली जमली आणि आजपर्यंत त्यातला एकही जण बदललेला नाही. हे आधी लक्षात घे, कारण बहुतेक बँडचा आवाज बदलतो तो कोणीतरी सोडून जातो आणि नवा येतो म्हणून. इथे कोणी गेलं नाही, कोणी आलं नाही. जे काही बदललं ते ह्याच पाच जणांनी ठरवून, भांडून, कंटाळून बदललं. माझं म्हणणं असं की प्रत्येक अल्बमला त्यांनी ज्या गोष्टीवर भार टाकला होता तीच पुढच्या वेळी काढून घेतली.

'क्रीप' ज्यात आहे तो 'पाब्लो हनी' 1993 चा. त्यात ध्रुवपद यायच्या आधी जॉनी गिटारवर जे दोन-तीन खरखरीत फटके मारतो ना, तेवढी जागा सोडली तर अल्बम साधाच आहे असं मी म्हणेन. मग 1995 चा 'द बेंड्स'. इथे तीन गिटार आहेत पण तिघं एकदम तुटून पडत नाहीत, एक जण वाजवतो तेव्हा दुसरा जागा सोडतो.

1997 चा 'ओके कॉम्प्युटर' मी पहिल्यांदा ऐकला तो कॅसेटवर. 1998 च्या गणपतीला मुंबईचा मावसभाऊ आला, त्याच्या बॅगेत ती होती, आणि आरत्या झाल्या, माणसं पांगली की आम्ही दोघं पडवीत टेप लावून बसायचो, बाहेर पागोळ्या गळतायत आणि आत ते 'लेट डाउन'. हा अल्बम बराचसा बाथ शहराजवळच्या एका जुन्या मोठ्या वाड्यात रेकॉर्ड झालाय, आणि 'एक्झिट म्युझिक'मधला आवाज जो लांबून आल्यासारखा घुमतो तो त्या वाड्यातल्या दगडी जिन्याचा घुमारा आहे, मशीनचा नाही. पण ह्याच अल्बममध्ये पुढचं सगळं आधीच दिसतं. पहिलं गाणं 'एअरबॅग' घे. त्यातला ड्रम म्हणजे फिलने वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा, तो कॉम्प्युटरवर कापून जोडून वापरलाय, डीजे शॅडो ह्या अमेरिकन कलाकाराचं ऐकून. 'फिटर हॅपियर'मध्ये तर माणूस बोलतच नाही, मॅकिन्टॉश कॉम्प्युटरचा आवाज वाक्यं वाचतो. म्हणजे गिटार अजून होती पण तिच्या शेजारी कॉम्प्युटर येऊन बसला होता.

नंतर खूप लांब टूर झाली, टॉम पार थकला, गिटार हातात घेऊन गाणं लिहिणंच त्याला नकोसं झालं. आणि 2000 साली 'किड ए' आला, एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, न काढता. मला तो 2001 च्या मेमध्ये मिळाला, पुन्हा कॅसेटच, आणि पहिल्याच गाण्यात कीबोर्डच्या मागून आवाजाचे तुकडे यायला लागले तेव्हा मला वाटलं टेप गुरफटली, मी ती काढून पेन्सिलने फिरवून परत घातली. टेप ठीक होती. टॉमचा आवाजच त्यांनी कापून उलटसुलट लावला होता, म्हणजे गिटारवरच न थांबता ज्या आवाजावर बँड उभा होता तोसुद्धा त्यांनी मोडून बघितला. मला वाटतं तुला जे टोचलं ते गिटार नाही म्हणून नाही, धरायला ओळखीचा गळा नाही म्हणून.

म्हणून चौथ्या गाण्यापर्यंत जा. तू नेमका त्याच्या दाराशी थांबलास. 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये साधी अकॉस्टिक गिटार आहे, टॉमचा स्वच्छ आवाज आहे, आणि मागे जे हुंदक्यासारखं वरखाली सरकत राहतं ते ओंद मार्तनो. हे 1928 साली फ्रान्समध्ये लोकांसमोर आलेलं विजेवर चालणारं वाद्य, बोटात अंगठी घालून ती तारेवरून सरकवली की सूर मींड घेतल्यासारखा सरकतो. जॉनी ते वाजवतो. पट्टीवर न अडकता सूर सरकणं आपल्या कानाला काही परकं नाही, त्यामुळे हे गाणं आपल्याकडच्या माणसाला लवकर लागतं हा माझा अनुभव आहे.

क्रम विचारशील तर 2007 चा 'इन रेनबोज' आधी ऐक, मग 'ओके कॉम्प्युटर', मग 'किड ए'. 'क्रीप'वरून थेट 'किड ए'वर उडी मारू नकोस.

"मी पंचवीस वर्सां डबलबारीत पखवाज वाजयतंय. माझो झील दिवसभर हेंच आयकता. आयकान आयकान माकाय सवय झाली, पण पायान ठेको धरूक गेलंय तर चुकता. ह्यात ताल आसा काय नाय?" (वाचक, मालवण)

ताल आहे आणि पक्का आहे, बुवा. तुमचा पाय चुकतो कारण तो भजनी ठेक्याच्या आठ मात्रा शोधतोय. मुलाला 'इन रेनबोज'मधलं पहिलं गाणं लावायला सांगा, '15 स्टेप'. ते पाच मात्रांत आहे. दोन आवर्तनं धरलीत तर दहा, म्हणजे झपतालाएवढ्या, पण झपतालाचे विभाग त्यात बसवायला जाऊ नका, नुसत्या पाच मोजा, चौथ्या-पाचव्या आवर्तनाला समेवर याल. 'किड ए'मधलं 'मॉर्निंग बेल'पण पाचाचंच, आणि गंमत म्हणजे तेच गाणं पुढच्या 'ॲम्नेझिॲक'मध्ये परत आहे आणि तिथे ते चाराचं करून टाकलंय.

2003 च्या 'हेल टू द थीफ'चं पहिलं गाणं सात मात्रांनी सुरू होतं, रूपकाएवढ्या, आणि मग एकदम चारांत शिरून भडकतं. पण तुम्हाला सगळ्यात जास्त आवडेल ते 'पिरॅमिड साँग' असं मला वाटतं. सुरुवातीला नुसता पियानो, ठोके असे पडतात की मोजायला गेलं तर हाती काही लागत नाही, आणि गाणं बरंच पुढे गेल्यावर ड्रम येतो आणि मग कळतं की लय पहिल्यापासून चालूच होती. गाणारे बुवा आलापी करत असतात, पखवाज गप्प असतो, आणि मग उठाव घेतल्यावर मंडपातल्या सगळ्या माना एकदम हलतात ते तुम्ही कितीदा केलं असेल! तेच आहे हे.

2011 चा 'द किंग ऑफ लिम्ब्ज' मात्र मुलाकडून नंतर मागून घ्या. आठच गाणी, सदतीस मिनिटं, आणि सगळं लहान लहान तुकडे फिरवत ठेवून बांधलेलं. मला तो रेकॉर्डवर कोरडा वाटतो. स्टेजवर वाजवायला त्यांना क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमर सोबत घ्यावा लागला, आणि दोन माणसं मिळून ते वाजवतात तेव्हा त्यात जीव येतो.

"'ॲम्नेझिॲक' म्हणजे 'किड ए'मधून उरलेला माल असं म्हणतात, खरं का?" (वाचक, गुहागर)

गाणी त्याच काळात रेकॉर्ड झाली एवढं खरं. उरलेला माल नाही. शेवटच्या गाण्यात हम्फ्री लिटलटन ह्या म्हाताऱ्या इंग्रज जाझवाल्याचा बँड वाजवतो, तेवढ्यासाठी तरी पूर्ण ऐका.

"बँडमधल्या कोणी भारतात काम केलंय का?" (वाचक, वेंगुर्ला)

जॉनीने केलंय. 2015 चा 'जुनून', जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात रेकॉर्ड झालेला, शाय बेन झुर हा इस्रायली संगीतकार आणि राजस्थानी वादक-कव्वालांसोबत. रेडिओहेडचा नेहमीचा प्रोड्युसर नायजेल गॉडरिचच तिथे होता. जॉनी त्यात मागे राहून वाजवतो, पुढे ढोलक आणि ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं.

"2016 चा 'अ मून शेप्ड पूल' मला फार मंद वाटला. एवढे प्रयोग करून शेवटी पियानो आणि व्हायोलिन? दमले का हे लोक?" (शिक्षिका, दापोली)

बाई, मंद आहे हे मान्य, दमलेला नाही. पहिल्या गाण्यात व्हायोलिनवाल्यांनी गज बाजूला ठेवून गिटारच्या प्लेक्ट्रमने तारा छेडल्यात, म्हणून तो टकटक करणारा ताण येतो. गाणी तर चक्क इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावलीयेत. तरी तो क्रम लागतो, कारण शेवटी 'ट्रू लव्ह वेट्स' येतं.

ह्या गाण्याबद्दल मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉम ते 1995 पासून स्टेजवर म्हणत होता, एकटा, अकॉस्टिक गिटार जोरात वाजवत. 2001 मध्ये त्याचं लाईव्ह रेकॉर्डिंग आलं. स्टुडिओत मात्र ते काही केल्या बसेना, 'ओके कॉम्प्युटर'मध्ये नाही, 'किड ए'मध्ये नाही, अल्बममागून अल्बम निघाले आणि गाणं बाहेरच. 'न्यूड'चंही तसंच, 'ओके कॉम्प्युटर'च्या वेळचं गाणं 'इन रेनबोज'मध्ये दहा वर्षांनी आलं. म्हणजे आपण म्हणतो की ह्यांचा आवाज बदलत गेला, पण काही गाणी तिथेच उभी होती आणि योग्य आवाज सापडेपर्यंत ह्या लोकांनी ती घाईने उरकली नाहीत. 2016 च्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार नाही, फक्त पियानोचे पातळ थर एकावर एक चढत जातात आणि मध्येच एकमेकांत अडखळतात, आणि तेच शब्द, जे पंचविशीतला मुलगा ओरडून मागत होता, ते आता सत्तेचाळीस वर्षांचा माणूस हळू आवाजात म्हणतो.

बाई, एकदा असं करा. रात्री घर शांत झालं की आधी 2001 चं लाईव्ह ऐका आणि लगेच 2016 चं. मध्ये दुसरं काही लावू नका. मग मला परत लिहा.